परक्यांची तेरवी

“दुश्मनाची तेरवी? ह्या गावात? मी जित्ता असताना?”

भुजंगराव पाटील आमच्या अंगणात उभे राहून ओरडत होते, आणि त्यांचं ओरडणं म्हणजे तुमचं-आमचं ओरडणं नव्हे. पाटील घरी शिंकले तर शिरड शहापूरच्या बाजारात बैल बिचकतात, असं माझी माय म्हणायची, आणि माय काही माझ्यासारखी फुगवून सांगणारी बाई नव्हती. त्या सकाळी आमची शेळी जी आटली ती उन्हाळाभर थेंब द्यायला तयार नव्हती. अर्धं गाव कुडावरून माना काढून बघत होतं, आणि उरलेलं अर्धं, आपल्याला नीट ऐकू येत नाही म्हणून, पहिल्या अर्ध्याला गप्प करत होतं.

ज्याच्यावर हे ओरडणं चाललं होतं तो माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ उत्तम, खाली मान घालून जात्याला टाकी लावत बसला होता. जातं वापरून गुळगुळीत झालं की दाणा नीट फुटत नाही, मग दगडावर छिन्नीनं बारीक खाचा पाडून घ्याव्या लागतात. टाकारी गावात येईपर्यंत थांबायची काकाची तयारी नव्हती. पाटील दम घ्यायला थांबले की तेवढ्या फटीत टक्, टक्, टक्. त्यांना तेरवीपेक्षाही त्या टक्टकीचा जास्त राग आला असावा, असं मला आजही वाटतं. माणूस उलट बोलला तर पाटलांना चालायचं. काम करत राहिला की त्यांचा तोल जायचा.

तर झालं होतं असं. सरहद्दीवर लढाई झाली, आपण जिंकलो, आणि त्या लढाईत आमच्या गावचा एकुलता एक शिपाई होता, तो माझा काका. तोफखान्यात होता. लढाई चालू असताना सगळं गाव पाटलांच्या रेडिओभोवती बसायचं, आणि बातमीत कुठंही काही उडालं की लोक मांडीवर थाप मारून म्हणायचे, आपल्या उत्तमानं उडवलं. त्या हिशेबानं काकानं त्या हिवाळ्यात निम्मी दुनिया उडवली होती. मी स्वतः विहिरीवर पोरींना सांगितलं होतं की काकाची तोफ एवढी मोठी आहे की पावसात तिच्या नळीत वऱ्हाड थांबतं, नवरदेवाच्या घोड्यासकट. पोरींनी विश्वास ठेवला. एकीनं तर विचारलं, वाजंत्री आत वाजतात का. वाजतात, पण घुमतात फार, असं मी सांगितलं.

मग काका सुट्टीवर आला. पाटलांनी जवळा बाजारचा बँड सांगून ठेवला, मारोतीच्या पारावर सत्कार ठरवला, फेटा आणला, भाषण पाठ केलं. आणि काका काही बोलेचना. लोक यायचे, चहा प्यायचे, मांडी ठोकून बसायचे आणि म्हणायचे, सांग ना गड्या, किती मारले. काका उठून गोठ्यात जायचा. तो चहात साखर घेत नव्हता. खाट सोडून भुईवर घोंगडी टाकून झोपायचा. मारोतीच्या देवळापुढून जाताना पायरीला हात लावत नव्हता, बाहेरूनच वळसा घालायचा. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं ही लष्करातली शिस्त असेल. मायनं मात्र काही दिवस नुसतं बघितलं आणि चुलीपाशी मला हळूच म्हणाली, “मंजे, हा सुतक पाळून राहिला.” कुणाचं, हे तिलाही कळेना. घरात तर कुणी गेलं नव्हतं.

ते कळलं गिरणीमुळं. मायनं काकाला दळणाची पिशवी देऊन शिरड शहापूरला गिरणीत पाठवलं. तो रिकाम्या हातानं परत आला, आणि घामानं असा भिजलेला की वाटेत नदीला पूर आला होता की काय. पिशवी कुठं म्हटलं तर म्हणे तिथंच. मला आणायला धाडलं. गिरणीचं पुकपुक लांबूनच ऐकू येत होतं. आमची पिशवी रांगेत उभी होती, पुढं सरकत सरकत पार दाराशी पोचली होती. आमच्याकडं दळणाची रांग माणसं लावत नाहीत, पिशव्या लावतात. ज्यानं त्यानं आपल्या पिशवीच्या तोंडाला आपली चिंधी बांधायची, कुणाची लाल, कुणाची लुगड्याच्या काठाची, आणि स्वतः जाऊन भिंतीच्या सावलीला गप्पा छाटत बसायचं. पिशवी तुमच्या वतीनं उभी राहते. कुणी तिला मागं ढकलत नाही. बाकी आमच्या भागात बांध कोरतील, पण दळणाच्या रांगेत पाप करायचे नाहीत.

मी दळण घेऊन आले तेव्हा काका चुलीपुढं बसला होता, माय भाकरी थापत होती, दादा दारात. आणि काका सांगत होता. मी चुलीत काट्या सारत, फुंकर घालत ऐकत राहिले.

त्याचं म्हणणं असं, की तोफेवाल्याला काही दिसत नसतं. लांब टेकाडावर साहेब दुर्बीण लावून बसतो, तो आकडे सांगतो. इकडं त्या आकड्यांइतकी तोफेची मान फिरवायची, गोळा भरायचा, तोंड उघडं ठेवून कान दाबायचे. मग पुन्हा आकडे. गोळा कुठं गेला ते विचारायचं नाही, विचारायला वेळही नसतो. एरवी पुढंही काही दिसत नाही. पण ह्या वेळी पलटण पुढं सरकली आणि वाट एका गावातून गेली. गाव म्हणजे आपल्यासारखंच. गोवऱ्यांसाठी शेणाचे पो भिंतीला लावलेले. गावाच्या तोंडाला गिरणी.

“पिशव्या रांगेतच व्हत्या, वहिनी,” काका म्हणाला. “एकीलाबी धक्का न्हाई. सगळ्यांच्या तोंडाला चिंध्या. माणसं सावलीला बसली व्हती ना. ती भिंतच न्हाई राहिली.”

माय हातातली भाकरी तशीच धरून बसली. दादांना काय विचारावं सुचेना, तेव्हा माणूस जे विचारतो तेच त्यांनी विचारलं, की ते हिंदू होते का मुसलमान.

“पिठानं पांढरे झालते,” काका म्हणाला. “काईच वळखू येत नव्हतं.”

तुमच्या तोफेचा होता कशावरून, हे दादांनी लगेच विचारलं, आणि मला त्यांचा तेव्हा राग आला होता, आज तेवढा येत नाही. भाऊ होता त्यांचा. काकानं सांगितलं की ते कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी आपल्याकडच्या कितीतरी तोफा चालू होत्या, त्यांच्याकडून जिंकून ओढून आणलेल्या, तोंड उलटं फिरवून लावलेल्या तोफाही चालू होत्या. गोळा कुणाचा ते कुणी सांगत नाही. त्यानं साहेबाला विचारलं, तर साहेब वाईट माणूस नव्हता, त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आगे चल. “पर त्या वक्ताला मी गोळे भरून राहिलो व्हतो, एवढं मला ठाऊक हाय,” काका म्हणाला, आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

दादांच्या पुरता मात्र तो तिथं सुरू झाला. मग कितीतरी दिवस घरात, शेतात, आखाड्यावरच्या गोठ्यात, बैल सोडताना, बैल बांधताना दादांचं एकच. हुकूम होता. हुकूम मोडला असता तर तुला उभा केला असता भिंतीशी. त्या गिरणीत त्यांच्या पलटणीचं पीठ दळत असंल. त्यांच्या पलटणीनं आधी आपल्या गावांवर गोळे टाकले की न्हाई? त्यांनीच सुरू केलं. तू काय जाणून केलं का? लढाईत सुक्यासंगं वलंबी जळतंय. दादा इतक्या बाजूंनी त्याला सोडवत होते, की मला वाटायचं, हा माणूस वकील झाला असता तर औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत एकही चोर जेलात राहिला नसता. आणि काका सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि पुन्हा चहात साखर नको म्हणायचा.

इथं मला जरा थांबून आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आता मी हिंगोलीला लेकाकडं असते. घरात भिंतीएवढा टीव्ही आहे, त्यात जेवणाच्या वेळी लोक भांडतात. कुठल्याशा देशात शहर पडत होतं, खरोखर पडत होतं, मजल्यावर मजला, आणि खाली लोक हातानं विटा उपसत होते. माझा नातू, शिकलेला, नोकरीचा, वरणात पोळी बुडवत म्हणाला, “आजी, त्यांनी आधी सुरू केलं ना.” मी ताटावरून उठले. सून म्हणाली, आईंचं बीपी वाढलं. बीपी कशाचं वाढतंय, मला दादांचाच आवाज ऐकू आला. तेच शब्द. त्याच क्रमानं. एवढी सालं गेली, तोफेची जागा कशाकशानं घेतली, आकाशातून कुठूनही कुठंही टाकता येतं म्हणे, आणि बोलायला मात्र माणसाला नवीन एक वाक्य सापडलेलं नाही. मी काय त्याला समजावून सांगणार, कप्पाळ? तो म्हणतो, आजी, तुला राजकारण कळत नाही. नसेल कळत. दळणाची रांग कळते.

असो. काकाची सुट्टी सरत आली तसं त्यानं एक दिवस दादांना सांगितलं, की मला त्यांचे दिवस घालायचेत. दहावा, तेरवी, सगळं. गावजेवण द्यायचंय. गाव जेवलं की सुतक फिटतं, त्याशिवाय फिटत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि सुतकात मी तोफेला हात कसा लावू. दादा इतके थक्क झाले की ओरडायचं विसरले. ते काम मग पाटलांनी केलं, म्हणजे मी सुरुवातीला सांगितलं तो प्रसंग.

त्याआधी काका जोशीमहाराजांकडं जाऊन आला होता. जोशीमहाराज काडीसारखे, वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून फिरत असावेत असे, पण डोक्यानं भारी. त्यांनी मेलेल्यांचं नाव विचारलं, काका म्हणाला ठाऊक नाही. गोत्र विचारलं, तेही नाही. जात, धर्म, नाही. महाराजांनी पुष्कळ वेळ नाक चोळलं आणि म्हणाले की नाव-गोत्र ठाऊक नसलेल्यांना पाणी द्यायची सोय शास्त्रात आहे. ती परक्या मुलखातल्यांनाही लागू पडते का, हे त्यांनी बघितलेलं नाही, आणि कुणी विचारेपर्यंत बघणारही नाहीत. दिवस उलटून गेलेत तर दहावा आणि तेरवी एकाच दिवशी उरकता येईल.

तर अंगणात पाटील. त्यांनी बँडचं काढलं, फेट्याचं काढलं, तुझ्यासाठी चांगल्या घरच्या सोयरिकी येऊन राहिल्या, त्या असल्या येडेपणानं परत जातील, हे काढलं. मग जुनं काढलं. रझाकाराच्या वक्ताला आमची वस्ती पेटवली, तवा आमच्या नावानं कुणी मुंडन केलं व्हतं का? तेव्हा मायनं पदर सावरला आणि ओसरीवरूनच म्हणाली, “मी पेवात व्हते तवा, पाटील. लेकरू व्हते. वरून धूर येऊन राहिला व्हता. म्हणून तर म्हणते, घालू द्या त्याला.” पेव म्हणजे जमिनीतलं धान्य साठवायचं खोल कोठार. ती गोष्ट मायनं आम्हालाही कधी सांगितली नव्हती.

पण पाटील म्हणजे पाटील. त्यांनी आवाज खाली आणला, जातं ओलांडून काकाच्या समोर उकिडवे बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की हे बघ उत्तमा, असा मोठा मार दिला म्हणून लढाई लवकर मिटली. रेंगाळली असती तर आणखी किती पोरं गेली असती. तू गेला असता.

काकानं छिन्नी खाली ठेवली. “म्हंजे मी जगावं म्हणून ते दळणवाले गेले?”

“आता व्हय म्हण.”

“मंग त्यांचे दिवस मीच घालायला पायजेत,” काका म्हणाला. “दुसरं कोण घालणार?”

उत्तर नसलं की पाटलांकडं आवाज असायचा. ते उठले आणि सगळ्या कुडाला ऐकू जाईल असं सांगून गेले, की ह्या घरच्या पंगतीला जो बसंल त्यानं माझ्या पारावर यायचं न्हाई. अख्ख्या गावानं माना आत घेतल्या.

काका पुन्हा टक्टक करायला लागला. गव्हाचा भरडा जात्यावर काढायचा, गिरणीत नाही, हा त्याचा हट्ट होता. आता ह्यात गंमत बघा. गोळे भरले काकानं, आकडे सांगितले साहेबानं, लढाई ठरवली कुठल्या राजधानीत बसून कुणी कुणी, आणि दळायला बसवलं मायला आणि मला. अख्ख्या गावाची लापशी. जातं घरघरायला लागलं की थांबायचं नावच नाही. माझे दंड असे झाले की पुढं सासरी नवऱ्यानं पहिल्यांदा बांगड्या भरायला नेलं तर कासार म्हणाला, पैलवानाच्या मापाच्या नाहीत आपल्याकडं. मी कुरकुरले, तर माय म्हणाली, गप दळ, त्या बायांनीबी घरी वाट पाह्यली असंल पिठाची. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि रागानं मी इतकी गरागरा दळले की पीठ मैद्यासारखं निघालं, लापशीला कामाचं राहिलं नाही. पुन्हा दळलं.

तेरवीच्या दिवशी सकाळी ओढ्यावर पिंड ठेवले. पोरींनी तिकडं जायचं नसतं. मी शेण गोळा करायची पाटी डोक्यावर घेतली आणि गेले. ओढ्याकाठी काका, दादा, जोशीमहाराज, आणि लांब बाभळीखाली माय. बाभळीवर कावळे. आमच्या गावचे कावळे म्हणजे बोलायलाच नको, चालत्या माणसाच्या तोंडातला घास न्यायचे, एकदा तर गुरुजींची तपकिरीची डबी नेली होती आणि दिवसभर सगळे कावळे शिंकत होते. पण त्या दिवशी एकही खाली उतरेना. बसले फांदीवर, मान तिरकी करून.

महाराज म्हणाले, त्यांची काहीतरी इच्छा राहिली असेल, कुणीतरी शब्द द्या. दादांनी हात जोडले, तुमच्या लेकराबाळांचं भलं होईल म्हणाले. कावळ्यानं चोच फांदीला पुसली. माय लांबूनच म्हणाली, सुखानं जावा बाबांनो. काही नाही. मी मनातल्या मनात त्यांना आमची आटलेली शेळीसुद्धा देऊन टाकली. ऊन चढायला लागलं. मग महाराज काकाकडं वळले. इच्छा ज्याच्याकडं अडली असते त्यानंच बोलावं लागतं, म्हणाले. “पुन्हा असं व्हनार न्हाई म्हण.”

दादा त्याच्या कानाशी लागले, म्हण रे, कावळ्याला काय कळतंय, तेवढं म्हण आणि मोकळा हो.

“मी आता परत जाणार, दादा,” काका म्हणाला. “तिथं आकडे सांगतेत, गाव सांगत न्हाईत. मी कसं म्हणू?”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. हात मात्र पिंडापुढं जोडलेलेच होते. मला वाटलं, आता तरी कुणी काही बोलेल. एवढे मोठे लोक होते. दादा होते, ज्यांच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. शास्त्र शिकलेले महाराज होते. कुणी म्हणालं असतं, नको जाऊस. कुणी म्हणालं असतं, जा, पण विचार. काहीतरी. नुसता ओढा वाहत होता. मी आजपर्यंत त्या जागी काय बोलायला पाहिजे होतं ते शोधते आहे. बाकी आयुष्यात मला बोलायला शब्द कमी पडले असं कुणी म्हणणार नाही.

शेवटी महाराजांनी पिशवीतून दर्भ काढला, त्याची गाठ मारून चोच केली, शेपूट केलं. कावळा शिवत नसला की दर्भाचा कावळा शिववायचा, ही सोय आहेच. कुठल्याही अडचणीची सोय आहे. तो गवताचा कावळा त्यांनी पिंडाला टेकवला आणि म्हणाले, शिवला. चला. मागं वळून बघू नका. मागं खरे कावळे काय करत होते ते मला म्हणूनच माहीत नाही.

घरी कढया भरलेल्या. लापशी, वरण, भात, भोपळ्याची भाजी. अंगणात पत्रावळी मांडल्या आणि आम्ही बसून राहिलो. माय म्हणाली, न्हाई आलं कुणी तर गायीला घालू. काका पळी हातात घेऊन उभा. त्याला बस म्हटलं तर बसेना. तेवढ्यात वेशीकडून बँड ऐकू आला.

जवळा बाजारचा बँड. पुढं गुलाल, मागं पाटील, पाटलांच्या हातात हार, आणि त्यांच्यामागं सगळं गाव, म्हातारी-कोतारी, तान्ही लेकरं, विहिरीवरच्या त्या पोरी, आणि मी शपथेवर सांगते, आमच्या गावचे नसलेलेही पुष्कळ. पाटलांनी काकाच्या गळ्यात हार घातला, फेटा बांधला. काकाच्या हातातली पळी कुणी काढून घेतली नाही म्हणून फेट्याला वरण लागलं. पाटील ओट्यावर चढले आणि पाठ केलेलं भाषण सगळं म्हणाले. शेवटी जाहीर केलं, की आज उत्तमराव आपल्याला विजयाचं जेवण देऊन राहिले, सगळ्यांनी पोटभर जेवावं. माणसं पटापट बसली.

मी दादांकडं बघितलं. दादा पाण्याच्या घागरीत वाकून बघत होते, जसं काही त्यात कासव पडलं होतं. एवढं अन्न फुकट जाणार, गाव तुटणार, म्हणून आदल्या दिवशी ते पाटलांना भेटून आले होते. दोघांनी मिळून मध्य काढला होता. पाटलांचा मान राहिला, दादांचं गाव राहिलं, अन्न वाया गेलं नाही. कुणाचं म्हणून काही बिघडलं नव्हतं. मी आत जाऊन उतरंडीतलं एक गाडगं भिंतीवर फोडलं. बँडमुळं कुणाला ऐकूही आलं नाही.

आणि काका वाढत होता. फेटा तसाच, हार तसाच. प्रत्येक पत्रावळीपुढं वाकायचा, लापशी घालायचा आणि म्हणायचा, “गिरणीवाल्यांच्या नावानं.” लोक म्हणायचे, व्हय व्हय, अजून थोडी. “गिरणीवाल्यांच्या नावानं.” वाढ वाढ. एक म्हातारी म्हणाली, कोणत्या गिरणीवाल्यानं दिलं म्हणते, लई पुण्याचा माणूस. लेकरं मध्येच जय म्हणून ओरडत होती. काका एका पंगतीवरून दुसऱ्या पंगतीला, एकालाही न चुकवता, बँडवाल्यांनासुद्धा, क्लॅरिनेटवाल्याचा एक हात वाद्यावर आणि एक लापशीत. लोक असे जेवले, असे जेवले, की त्या दिवशी गावातल्या उंदरांनीही उपास केला असेल. हात धुताना पाटील मायला म्हणाले, गूळ जरा कमी पडला वहिनी, बाकी झक्कास. मायनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. मी असते तर वरण घातलं असतं, उकळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका निघाला. सत्काराचा फेटा त्यानं खुंटीला लावून ठेवला होता. दादा जीपवाल्याशी बोलत होते, माय दारात उभी होती आणि तिला विचारवत नव्हतं, ते मला दिसत होतं. ट्रंकेचा दुसरा कान मी धरला आणि सडकेपर्यंत गेले. ट्रंक टपावर चढली. काका आत बसायला लागला तसं मीच विचारलं, “काका, फिटलं का मग सुतक?”

त्यानं जीपची कडी नीट लागली का ते हलवून बघितलं.

“जेवले ना सगळे,” तो म्हणाला.